हवेनें थंड होणारें इंजिन आणि त्यांतील तेल

मोटारीच्या इंजिनांत तेल कशासाठीं घालतात, असा प्रश्न वर्गांत विचारला असतां बहुतेक विद्यार्थी "घर्षण कमी व्हावें म्हणून" असें एकसुरांत उत्तर देतात. उत्तर बरोबर आहे. परंतु तें अर्धेंच आहे. तेलाला इंजिनांत आणखी एक काम करावें लागतें, आणि तें म्हणजे उष्णता वाहून नेण्याचें. ज्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठीं पाणी असतें, त्यांत हें दुसरें काम सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. परंतु ज्या इंजिनांत पाण्याचा थेंबही नसतो आणि केवळ वाऱ्यावर ज्याचा निर्वाह चालतो, त्यांत तेलाचें उष्णमान हा जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. अशा इंजिनांतील तेल योग्य त्या उष्णमानावर कसें राखतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही जर्मनींतील फोक्सवॅगन कारखान्याची 'बीटल' ही गाडी घेतों. फर्डिनांड पोर्शे ह्या यंत्रविशारदानें तिचा आराखडा १९३० नंतरच्या दशकांत सिद्ध केला. कारखान्याची कोनशिला १९३८ सालीं बसली, आणि महायुद्ध संपल्यावर १९४५ च्या अखेरीपासून गाड्या नियमानें बाहेर पडूं लागल्या. पुढें ही गाडी इतकी लोकप्रिय झाली कीं, मेक्सिको देशांतील पुएब्ला येथें ३० जुलै २००३ रोजीं शेवटची गाडी तयार झाली, तेव्हां एकंदर संख्या २ कोटि १५ लाखांच्या घरांत गेली होती. आज ती नवी मिळत नाहीं. परंतु ज्यांच्याजवळ जुनी आहे ते तिला जीव लावून सांभाळतात, आणि त्यांच्या काळजीचा मोठा भाग तेलाच्या उष्णमानाविषयींच असतो.

पाण्याऐवजीं हवा कां, अशी शंका प्रथम येईल. पाणी शून्य अंशाखालीं गोठतें व गोठतांना फुगतें. त्या फुगण्याच्या जोरानें लोखंडाचीं भांडींही फुटतात. युरोपच्या हिवाळ्यांत ज्याला गाडी उघड्यावर ठेवावी लागते, त्या सामान्य माणसास ही धास्ती नसावी, शिवाय रेडिएटर, रबरी नळ्या व पाण्याचा पंप ह्यांचा खर्चही वांचावा, हा त्यांत हेतु होता. युद्धकाळांत ह्याच जातीचें इंजिन बसविलेल्या 'क्यूबेलवॅगन' नांवाच्या लष्करी गाड्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत व रशियाच्या बर्फांतही धांवल्या. परंतु कोणतीही सोय फुकट मिळत नाहीं. पाण्याची उष्णता सामावून घेण्याची शक्ति फार मोठी आहे. एक लिटर पाण्याचें उष्णमान एक अंशानें वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेनें सुमारें ३५०० लिटर हवा एक अंशानें तापते. म्हणून हवेकडून पाण्याचें काम करून घ्यावयाचें, तर ती फार मोठ्या प्रमाणांत आणि अखंड वाहती ठेविली पाहिजे.

आतां इंजिनाची रचना पाहूं. बीटल गाडीचें इंजिन मागच्या बाजूस असतें. त्यांत चार सिलिंडर असून ते दोन उजवीकडे व दोन डावीकडे असे आडवे निजविलेले असतात. मधली पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, सिलिंडर ओतीव लोखंडाचे आणि त्यांवरील टोपणें, ज्यांना कारागीर 'हेड' म्हणतात, तीं ॲल्युमिनियमचीं. सिलिंडर व हेड ह्यांच्या अंगावर धातूच्या पातळ कडा एकीशेजारीं एक अशा काढलेल्या असतात. ह्यांस 'फिन' म्हणतात. ह्यांचें कार्य एकच, तें म्हणजे पृष्ठभाग वाढविणें. ऊन भात लवकर निवावा म्हणून आई तो ताटांत पसरते, तेंच हें तत्त्व. इंजिनाच्या वर पत्र्याच्या घरांत एक पंखा असतो. तो डायनॅमोच्याच दांड्यावर बसविलेला असून रबरी पट्ट्याच्या योगें इंजिनच त्याला फिरवितें. गाडी वेगांत असतां हा पंखा दर सेकंदास कित्येकशें लिटर हवा बाहेरून ओढून घेतो आणि सिलिंडरांवरून खालीं लोटतो.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिच्यापैकीं सुमारें चौथा हिस्साच चाकें फिरविण्याच्या उपयोगीं पडतो. बाकीची उष्णता कांहीं धुराबरोबर बाहेर जाते, कांहीं फिनांवरून हवेंत जाते, आणि जी उरते ती तेलांत शिरते. पिस्टनची खालची बाजू, सिलिंडरची आंतली भिंत, क्रँकशाफ्टचीं बेअरिंगें, व्हॉल्व्ह हलविणाऱ्या दांड्या, अशा ज्या ज्या ठिकाणीं वारा पोंचूं शकत नाहीं, त्या त्या ठिकाणीं तेल पोंचतें आणि तेथील उष्णता आपल्याबरोबर घेऊन येतें. ह्या इंजिनांत तेल किती असतें म्हणाल, तर अवघें अडीच लिटर! आणि कारखान्यानें दिलेल्या मूळ रचनेंत तें गाळण्यासाठीं कागदी फिल्टरही नसतो. तारेची एक गाळणी काय ती असते. एवढेंसें तेल पुन्हांपुन्हां त्याच वाटेनें फिरत राहतें. म्हणून तें निवविण्याची व्यवस्था चांगली नसेल, तर तें पाहतां पाहतां तापतें.

तेल तापल्यानें बिघडतें काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. थंडीच्या दिवसांत घट्ट झालेलें तूप चुलीजवळ ठेविलें असतां पातळ होऊन वाहूं लागतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. इंजिनाच्या तेलाचाही दाटपणा उष्णतेबरोबर असाच कमी होतो. '३० नंबर' म्हणून जें साधें तेल ह्या गाड्यांत घालीत, तें ४० अंश सेंटिग्रेडवर जितकें दाट असतें, त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याइतकेंच १०० अंशांवर उरतें. बेअरिंग व फिरता दांडा ह्यांच्यामध्यें तेलाचा जो पडदा असतो, तो मनुष्याच्या केसाहूनही कितीतरी पातळ असतो. ह्या पडद्यावर दांडा तरंगत असतो, म्हणून धातूला धातु लागत नाहीं. तेल प्रमाणाबाहेर पातळ झालें कीं पडदा फाटतो, धातु धातूवर घांसतो, त्यामुळें अधिक उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेनें तेल आणखी पातळ होतें. आणि हें दुष्टचक्र एकदां सुरू झालें म्हणजे इंजिनाचा शेवट दूर नसतो.

दुसरें असें कीं, तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून हळूहळू काळें व आंबट होतें. ही क्रिया उष्णमान दर १० अंशांनीं वाढलें असतां सुमारें दुप्पट वेगानें होते, असा स्थूल नियम आहे. १०० अंशांवर राहणाऱ्या तेलापेक्षां १३० अंशांवरील तेल दोन गुणिलें दोन गुणिलें दोन, म्हणजे आठपट वेगानें खराब होतें. तिसरें कारण ह्या इंजिनाच्या पेटीचें आहे. मॅग्नेशियम पोलादापेक्षां अधिक प्रसरण पावतें. पेटी फार तापली कीं बेअरिंगें ज्या खोबणींत घट्ट बसलेलीं असतात त्या खोबणी मोठ्या होतात, बेअरिंगें ढिलीं होतात, आणि तेलाचा दाब वाटेंतच गळून जातो. खोबणी एकदां ठोकरून वांकड्या झाल्या म्हणजे पेटी कारागिराकडून पुन्हां कोरून घ्यावी लागते, नाहीं तर टाकून द्यावी लागते.

इतकें वाचून कोणी म्हणेल, "मग तेल जितकें थंड तितकें चांगलें." परंतु तसें नाहीं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलें असतां जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. बहुतेक वाफ धुराबरोबर निघून जाते; पण थोडीशी पिस्टनच्या कड्यांजवळून निसटून खालीं तेलांत येते. तेल पुरेसें गरम असेल तर हें पाणी पुन्हां वाफ होऊन श्वासनळीवाटे बाहेर पडतें. तेल थंडच राहिलें तर पाणी त्यांत मिसळतें, आम्लें तयार होतात, धातूला गंज चढतो आणि तेल घालण्याच्या तोंडाच्या झांकणाखालीं ताकाच्या फेसासारखा पिंवळट-पांढरा थर जमतो. थंड देशांत जे लोक हिवाळ्यांत रोज मैल दोन मैलच गाडी चालवितात, त्यांच्या गाडींत हा थर हमखास दिसतो. शिवाय थंड तेल दाट असल्यामुळें बेअरिंगांपर्यंत पोंचण्यास उशीर लागतो, आणि तेवढ्या वेळांत झीज होते. सारांश, ह्या इंजिनाच्या तेलाचें उष्णमान ८० व ११० अंश सेंटिग्रेड ह्यांच्या दरम्यान असावें. लांब चढावर तें क्षणभर १२० पर्यंत गेलें तरी घाबरण्याचें कारण नाहीं. १३० अंशांकडे झुकूं लागलें तर मात्र गाडी थांबविणेंच शहाणपणाचें.

आतां हा मध्यम मार्ग साधण्यासाठीं यंत्रकारांनीं काय काय योजना केल्या आहेत त्या पाहूं. पहिली योजना ऑइल कूलरची. हा म्हणजे पातळ नळ्यांचा एक उभा जुडगा होय. तेलाचा पंप तळांतील तेल ओढून ह्या नळ्यांतून लोटतो, आणि पंख्याची हवा नळ्यांच्या मधून वाहते. तेथें निवलेलें तेल पुढें बेअरिंगांकडे जातें.

दुसरी योजना फार चतुराईची आहे. तेलाच्या वाटेवर एक लहानसा दट्ट्या व त्याखालीं एक स्प्रिंग बसविलेली असते. सकाळीं तेल थंड व दाट असतें, तेव्हां त्याचा दाब मोठा असतो. तो दाब दट्ट्यास खालीं रेटतो, त्यामुळें आडवाट मोकळी होऊन तेल कूलर टाळून सरळ बेअरिंगांकडे जातें, आणि जादा तेल परत तळांत पडतें. तेल तापून पातळ झालें कीं दाब उतरतो, स्प्रिंग दट्ट्यास वर उचलते, आडवाट बंद होते आणि सर्व तेलास कूलरमधूनच जावें लागतें. येथें तापमापक नाहीं, वीज नाहीं, माणसाचा हात नाहीं. तेलाचा दाटपणा हाच स्वतःचा द्वारपाळ झाला आहे.

तिसरी योजना थर्मोस्टॅटची. उजवीकडील सिलिंडरांच्या खालीं पितळेचा एक घडीदार डबा असतो. सिलिंडरांवरून आलेल्या ऊन हवेनें तो लांबतो व ६५ ते ७० अंशांच्या सुमारास पूर्ण ताणला जातो. त्याला जोडलेली तार पंख्याच्या घरांतील झडपा उघडते. इंजिन थंड असतां झडपा मिटलेल्या असतात, हवा थोडी जाते, म्हणून इंजिन लवकर गरम होतें. गरम झालें कीं झडपा उघडतात. हा डबा फुटला तर तो आपोआप लांबलेल्याच स्थितींत राहतो, म्हणजे झडपा उघड्या राहतात. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, ही दूरदृष्टि त्यांत आहे. पुष्कळ मालक "आमच्याकडे थंडी कोठें आहे?" असें म्हणून हा डबा व झडपा काढून टाकतात. आमच्या मतें तें योग्य नव्हे. कारण उष्ण प्रदेशांतही सकाळचें इंजिन थंडच असतें, आणि तें जितका अधिक वेळ थंड राहील तितकी झीज अधिक.

ह्या सर्व चांगल्या योजनांत एक उणीव मात्र राहून गेली होती, आणि तिची हकीकत बोधप्रद आहे. जुन्या रचनेंत ऑइल कूलर पंख्याच्या घराच्या आंतच, डाव्या बाजूच्या पुढील सिलिंडरच्या वर उभा असे. ह्या सिलिंडरचा क्रमांक तीन. ह्याचा परिणाम असा होई कीं, पंख्याची हवा आधीं कूलरमधील तापलेल्या तेलाला निववी, आणि स्वतः ऊन व मंद होऊन मग ह्या सिलिंडरवर येई. बाकीच्या तीन भावंडांस ताजी हवा आणि ह्याला उष्टी! तेल जितकें जास्त तापे तितकी ह्या सिलिंडरची स्थिति वाईट होई, आणि तेथील धुराचा व्हॉल्व्ह जळून त्याची चकती तुटून पडण्याचे प्रकार होत. चकती तुटली म्हणजे ती पिस्टनखालीं सांपडते, आणि एका क्षणांत इंजिनाचा चुराडा होतो. कांहीं डिस्ट्रिब्यूटरांत तर तीन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम किंचित् उशिरां पडेल अशी योजना करावी लागली. अखेर १९७१ सालच्या नमुन्याच्या मोठ्या इंजिनांत कूलर तेथून हलवून पंख्याच्या घरामागें एका स्वतंत्र कोठडींत नेला, त्याला स्वतंत्र हवा दिली, आणि त्यासाठीं पंखाही अधिक रुंद केला. ही कोठडी बाहेरून कुत्र्याच्या घरासारखी दिसते, म्हणून तिकडील कारागीर तिला 'डॉगहाउस' असेंच म्हणतात. ज्यांची गाडी त्याहून जुनी आहे, त्यांनीं तीन नंबरच्या सिलिंडरची विशेष काळजी घेतली पाहिजे.

यंत्रकारांचें काम येथें संपलें. आतां मालकाचें कर्तव्य काय तें सांगतों. तेल फार तापतें अशी तक्रार आली कीं पुष्कळ लोक प्रथम बाजारांतून दुसरा मोठा कूलर आणण्याच्या मागें लागतात. तसें करण्यापूर्वीं मूळ व्यवस्था शाबूत आहे कीं नाहीं, हें तपासणें अगत्याचें आहे. इंजिनाभोंवतीं काळ्या पत्र्यांची जी चौकट असते, ती शोभेची नव्हे. ती इंजिनाच्या वरची थंड हवा व खालची ऊन हवा ह्यांच्यामधील भिंत आहे. ह्या पत्र्यांच्या कडेनें रबराची पट्टी असते, प्लगच्या तारा जेथें आंत शिरतात तेथेंही रबरी टोप्या असतात. जुन्या गाड्यांत हीं रबरें कुजून गेलेलीं असतात, आणि एखादा पत्रा तर मागच्या दुरुस्तीच्या वेळीं "बसत नाहीं" म्हणून काढून फेंकून दिलेला असतो. मग सिलिंडरांवरून तापून खालीं गेलेली हवा त्या फटींतून पुन्हां वर येते व पंखा तीच ओढून घेतो. घाम पुसलेल्या ओल्या फडक्यानेंच पुन्हां अंग पुसावें, तशांतला हा प्रकार. दहा-वीस रुपयांच्या रबरावांचून हजारों रुपयांचें इंजिन जळतें, तें असें.

त्यानंतर फिन पाहावे. एखाद्या सांध्यांतून तेल झिरपत असेल, तर त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि फिनांच्या मधल्या फटी चिखलानें लिंपल्यासारख्या बुजतात. धुळीचा थर उष्णतेचा वाहक नाहीं. त्यानें इंजिनाला घोंगडीच पांघरली जाते. गाडी फार दिवस उभी असेल तर पंख्याच्या घरांत उंदरांनीं केलेलें घरटें किंवा दुरुस्तीच्या वेळीं विसरलेलें फडकेंही निघतें. नंतर पट्ट्याकडे वळावें. अंगठ्यानें दाबला असतां तो सुमारें दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून ढिला असल्यास घसरतो व पंखा मंदावतो. फार ताणलेला असल्यास डायनॅमोचीं बेअरिंगें खातो. मग ठिणगीची वेळ व कार्बोरेटर तपासावे. ठिणगी चुकीच्या वेळीं पडल्यास, किंवा हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडत असल्यास, हेड अधिक तापतात व ती उष्णता अखेर तेलांतच उतरते.

तेलाची पातळी दर आठवड्यास पाहावी. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटें थांबून, मग डिपस्टिक काढावी. तेल दोन खुणांच्या मध्यें, वरच्या खुणेजवळ असावें. कमी तेलास तीच उष्णता वाटून घ्यावी लागते, म्हणून तें अधिक तापतें. परंतु वरच्या खुणेच्या पलीकडे भरणेंही चूक. फिरत्या भागांनीं तें घुसळलें जाऊन त्याला फेस येतो. तेल दर ५००० किलोमीटरला बदलावें आणि त्या वेळीं तारेची गाळणी धुवावी. फिल्टर नसलेल्या इंजिनांत ह्या नियमाला सवलत नाहीं.

तेल किती तापलें हें ओळखावें कसें? कांहीं लोक डिपस्टिक बोटांनीं धरून पाहतात व "हात लागूं देत नाहीं" म्हणून घाबरतात. ही परीक्षा निरुपयोगी आहे आणि बोटें भाजविणारी आहे. धातु ६० अंशांच्या वर गेला कीं मनुष्याच्या हातास तो धरवत नाहीं. आणि तेल तर ८० च्या वर असणेंच योग्य, हें आपण वर पाहिलें. खरा उपाय म्हणजे तापमापक बसविणें. कारखान्यानें ह्या गाडींत तो दिला नव्हता. तेलाच्या दाबाचा एक दिवा मात्र दिला होता. इंजिन सावकाश चालत असतां हा दिवा लुकलुकूं लागला, तर तेल फार पातळ झालें आहे किंवा बेअरिंगें झिजलीं आहेत, असें समजावें. परंतु दिवा लागेपर्यंत वाट पाहणें म्हणजे धूर दिसल्यावर विहीर खणण्यासारखें आहे. तापमापक आधीं सूचना देतो, आणि मुख्य म्हणजे रोजचा आंकडा माहीत असला कीं त्यांत झालेला फरक चटकन् ध्यानांत येतो.

चालविणाऱ्याच्या हातींही पुष्कळ आहे. चढावर वरच्या गिअरमध्यें इंजिनाला रखडत नेणें हें ह्या गाडीला फार घातक. चढण्याचें काम तेवढेंच राहतें, म्हणून उष्णताही जवळजवळ तेवढीच निर्माण होते. परंतु इंजिन मंद फिरत असल्यानें पंखा मंद व तेलाचा पंपही मंद होतो. खालचा गिअर घातला तर इंजिनाचा आवाज वाढतो खरा, पण वाराही वाढतो. नवशिक्यास आवाजाची भीति वाटते. जाणत्यास शांततेची वाटते. सपाट लांब रस्त्यावर मात्र वेग आवरावा. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ८० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून तेल तापूं लागलें असतां वेग थोडासा कमी केला, तरी आराम मात्र मोठा मिळतो.

भोंवतालच्या हवेचाही हिशेब ध्यानांत ठेवावा. तापलेली वस्तु किती वेगानें निवते, हें तिच्या व भोंवतालच्या हवेच्या उष्णमानांतील अंतरावर अवलंबून असतें. तेल १०० अंशांवर व हवा २० अंशांवर असेल तर अंतर ८०. हवा ४० अंशांवर असेल तर अंतर ६०. म्हणजे कडक उन्हाळ्यांत तोच कूलर तीन चतुर्थांशच काम करितो. म्हणून सर्व मूळ व्यवस्था चोख असूनही उन्हाळ्यांत तेल १२० अंशांच्या वर राहत असेल, तरच जादा कूलर किंवा तळाशीं दीड लिटरचा जादा कोठा बसविण्याचा विचार करावा. त्यांतही एक भेद आहे. जादा तेलामुळें इंजिन तापण्यास उशीर लागतो, पण लांब प्रवासांत अखेर तें जवळजवळ तेवढेंच तापतें. कायमचा उतार पाडावयाचा तर उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभागच वाढला पाहिजे. जादा कूलर बसवावयाचा झाल्यास त्याला थर्मोस्टॅट अवश्य असावा, नाहीं तर हिवाळ्यांत तेल थंडच राहून वर सांगितलेला ताकासारखा थर जमूं लागतो.

एक गोष्ट मात्र कोणीही विसरूं नये. पंखा व डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालतात, म्हणून पट्टा तुटला कीं समोरच्या फळीवर तांबडा दिवा लागतो. पाण्याच्या इंजिनाच्या गाडींत हा दिवा लागल्यास बॅटरी भरत नाहीं एवढाच अर्थ पुष्कळदां असतो, आणि मनुष्य घरापर्यंत जाऊं शकतो. ह्या गाडींत त्याचा अर्थ वारा बंद पडला असा आहे. गाडी तत्काळ रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलें पाहिजे. पुढचें गांव येईपर्यंत चालवूं, असें म्हणणाऱ्याचें इंजिन पुढचें गांव पाहत नाहीं. ज्या घरीं अशी गाडी असेल, तेथील पालकांनीं एक जादा पट्टा व तो बदलण्याचा पाना गाडींत नेहमीं ठेवावा, आणि गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास ह्या दिव्याचा अर्थ शिकवून ठेवावा.

आपल्याकडे बीटल गाड्या विरळा. परंतु पुण्याजवळ आकुर्डी येथें तयार होत असलेल्या 'बजाज चेतक' स्कूटरची आठवण पुष्कळ पालकांस असेल. तिच्याही इंजिनावर पत्र्याचें कवच असून चक्राबरोबर फिरणारा पंखा त्यांतून हवा लोटीत असे. तिच्या इंजिनाचें तेल पेट्रोलांतच मिसळून जळून जाई, म्हणून तेल निवविण्याचा प्रश्न तेथें उद्भवत नसे; पण कवच काढून चालविल्यास तीही तापे, आणि कारण वर सांगितलें तेंच.

ज्या विद्यार्थ्यांस ह्या विषयाची गोडी वाटली असेल, त्यांनीं घरीं वडील मंडळींच्या देखरेखीखालीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. एका लहान वाटींत थोडें गोडें तेल घेऊन ती वाटी थंड पाण्याच्या भांड्यांत ठेवावी. तेलाचें उष्णमान मोजावें. मग एक ताट तिरपें टेकवून वरच्या कडेपासून चमचाभर तेल सोडावें, आणि खालच्या कडेस पोंचण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळावर पाहावें. पुढें पाणी क्रमाक्रमानें कोमट व ऊन करून, दर खेपेस ताट पुसून, तोच प्रयोग पुन्हां करावा. ५० अंशांच्या पुढें जाण्याचें कारण नाहीं, आणि तेल विस्तवावर कधींही ठेवूं नये. हे आंकडे चौकटींच्या कागदावर मांडले असतां रेघ सरळ न येतां वांकडी येईल; थंड तेलाचा दाटपणा आरंभीं झपाट्यानें उतरतो व पुढें हळूहळू. त्या वांकड्या रेघेंतच दट्ट्या, कूलर व थर्मोस्टॅट ह्या तिघांचें सारें काम सांठविलेलें आहे. ज्यांनीं हा प्रयोग केला असेल त्यांनीं आपले कागद वर्गांत घेऊन यावेत. निरनिराळ्या तेलांच्या रेघा एकमेकींशेजारीं ठेवून पाहण्यांत मौज आहे.